चालू प्रत कोणती?

भिलाई पोलाद कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. तेव्हा भिलाई हे दुर्ग जिल्ह्यातले एक गाव होते आणि दुर्ग ज्या मध्य प्रदेशात मोडत होते त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली आणि विदर्भ मुंबई राज्यात आला. मराठी वाचकाला भिलाई लांबची वाटते. करार झाला त्या दिवशी मात्र ती नागपूरच्या सचिवालयाच्या कक्षेत होती, एवढे आधी नोंदवून ठेवतो.

कारखान्याचा आराखडा सोव्हिएत संघातील गिप्रोमेझ या संस्थेने केला. पहिले उद्दिष्ट वर्षाला दहा लाख टन पोलादाचे होते. पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. त्याच वर्षी हिंदुस्तान स्टीलने रांचीला स्वतःचा डिझाइन विभाग उभा केला, तोच पुढे मेकॉन झाला. भिलाईची क्षमता पुढे पंचवीस लाख टनांवर आणि मग चाळीस लाख टनांवर गेली. विस्ताराच्या प्रत्येक टप्प्यात जुन्या ड्रॉइंगांवर नवी ड्रॉइंगे चढत गेली. कोपऱ्यातल्या चौकटीत ड्रॉइंगचा क्रमांक, रिव्हिजनचा क्रमांक, काढणाऱ्याची, तपासणाऱ्याची आणि मंजूर करणाऱ्याची सही. पाया ओतणाऱ्या माणसाच्या दृष्टीने त्या चौकटीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे रिव्हिजनचा क्रमांक. हातातली निळी प्रत जुनी असेल तर बोल्ट चुकीच्या जागी गाडला जातो आणि काँक्रीट फोडावे लागते.

दुर्ग-भिलाईच्या पट्ट्यात आज कारखान्याला सुटे भाग पुरवणारी लहान वर्कशॉपे आहेत. मोहन नगरसारख्या वस्तीत राहणारा ड्राफ्ट्समन सकाळी अशाच एखाद्या ऑफिसात जातो. ड्रॉइंग आता फाइल होऊन येते. ती उघडणारा संगणक विंडोजचा असतो, कारण सॉलिडवर्क्स त्यावरच चालते आणि ऑटोकॅडही बहुधा त्यावरच वापरले जाते. पण फाइली जिथे साठतात तो कोपऱ्यातला डबा पुष्कळदा लिनक्सवर, म्हणजे युनिक्सच्या धर्तीच्या प्रणालीवर, चालणारा असतो. स्वस्त पडतो आणि वर्षानुवर्षे बंद न करता चालतो. मग प्रश्न येतो, ड्रॉइंगांचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर, म्हणजे कोणती प्रत चालू, कोणी काढून नेली, कोणी परत जमा केली हे सांगणारे सॉफ्टवेअर, त्याच डब्यावर चालवता येईल का? बाजारात याची दोनच उत्तरे मिळतात, ‘चालतं’ आणि ‘चालत नाही’. या प्रश्नामागे पन्नास वर्षांची कागदपत्रे आहेत. ती तारखेप्रमाणे लावून वाचली की दोन्ही उत्तरे अपुरी आहेत हे कळते, आणि ‘विंडोजबाहेरचा सर्व्हर’ ही पळवाट नसून या कामाचे मूळ घर आहे हेही कळते.

पहिला कागद डिसेंबर १९७५ चा आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतील मार्क रॉशकाइंड यांचा लेख ‘आयट्रिपलई ट्रान्झॅक्शन्स ऑन सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात आला. विषय होता सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम, म्हणजे एससीसीएस. प्रोग्रामच्या प्रत्येक बदलाची स्वतंत्र नोंद ठेवायची आणि कोणतीही जुनी आवृत्ती हवी तेव्हा परत उभी करायची, ही त्यातली कल्पना. ही प्रणाली १९७२ मध्ये आयबीएमच्या मोठ्या यंत्रावर स्नोबोल भाषेत लिहिली गेली आणि लवकरच पीडीपी-११ वरच्या युनिक्ससाठी सी भाषेत पुन्हा लिहिली गेली. मायक्रोसॉफ्ट ही कंपनी १९७५ मध्ये स्थापन झाली. म्हणजे विंडोज सोडाच, ती बनवणारी कंपनीही नव्हती तेव्हा हे काम युनिक्सवर चालू होते.

एससीसीएसच्या युनिक्स मॅन्युअलात एक बारीक तपशील आहे, आणि माझ्या मते पुढचा सगळा इतिहास त्यातून निघतो. एखाद्याने फाइल बदलण्यासाठी बाहेर काढली की मूळ फाइलीशेजारी ‘पी-फाइल’ नावाची आणखी एक छोटी फाइल तयार होते. तिच्यात लिहिलेले असते, कोणती आवृत्ती बाहेर आहे, परत आल्यावर तिचा क्रमांक काय होईल, कोणी नेली आणि केव्हा. काम जमा झाले की ती नोंद निघून जाते. माल गोदामात राहतो आणि ताबा कोणाकडे हे वेगळ्या वहीत राहते. ही फारकत १९७० च्या दशकातच झालेली होती.

पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिची यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी आरसीएस ही अशीच प्रणाली लिहिली. त्यांनी ताज्या आवृत्तीची पूर्ण प्रत ठेवली आणि मागे जाण्यासाठी उलटे फरक साठवले, त्यामुळे रोज लागणारी प्रत चटकन मिळू लागली. कुलूप न लावता फाइल बदलू द्यायची नाही हा तिचा नेहमीचा नियम. पुढे प्रोग्रामरांच्या जगातून हे कुलूप सैल होत गेले, कारण मजकुराच्या दोन फाइलींतले बदल ओळीओळीने जुळवता येतात. ड्रॉइंगचे तसे नाही. दोन जणांनी एकच झडप दोन ठिकाणी बदलली तर त्या दोन फाइली यंत्राने एकत्र करण्याची सोय नसते. नंतर सेव्ह करणाऱ्याचे काम राहते, आधीच्याचे जाते. प्रोग्रामरने टाकून दिलेले कुलूप अभियंत्याला म्हणूनच आजही लागते.

अभियांत्रिकीच्या बाजूने नेहमी सांगितला जाणारा आरंभ अमेरिकन मोटर्स कॉर्पोरेशनचा आहे. मोठ्या स्पर्धकांपुढे ही छोटी कंपनी होती. १९८५ च्या सुमारास जीप ग्रँड चेरोकीचे काम चालू असताना तिने संगणकावरचे आरेखन स्वीकारले आणि सगळी ड्रॉइंगे व कागदपत्रे एका मध्यवर्ती डेटाबेसमध्ये आणली. दोन विभागांत मोजमापांचा विरोध आला की तो लवकर दिसू लागला. १९८७ मध्ये क्रायस्लरने ही कंपनी घेतली आणि पद्धतही घेतली. त्या काळातील अशी सॉफ्टवेअरे मोठ्या यंत्रांवर आणि युनिक्सवर चालत. कंट्रोल डेटा आणि एसडीआरसी यांनी मिळून १९९२ मध्ये काढलेली मेटाफेज ही त्यातली एक ठळक कंपनी. अभियंत्याच्या टेबलावरही सन, एचपी किंवा सिलिकॉन ग्राफिक्सचे युनिक्स वर्कस्टेशन असे.

हे टेबलावरचे चित्र कधी पालटले ते नेमके सांगता येते. नोव्हेंबर १९९५ मध्ये सॉलिडवर्क्सची पहिली आवृत्ती आली, ती विंडोजसाठीच. ऑटोकॅडची तेरावी आवृत्ती डॉस आणि युनिक्सवरही मिळत होती; १९९७ मधली चौदावी फक्त विंडोजवर आली. दोन वर्षांत टेबलावरचे यंत्र बदलले. मागच्या खोलीतला सर्व्हर मात्र लगेच बदलला नाही, तिथे नॉव्हेलचे नेटवेअर होते किंवा युनिक्स. विंडोजवरच्या अभियंत्याला युनिक्सवरच्या फाइलीपर्यंत पोचायचे होते आणि दोघांची भाषा वेगळी होती.

युनिक्सची भाषा एनएफएस. सन कंपनीने ती १९८४ मध्ये आणली आणि तिचे विवरण मार्च १९८९ च्या आरएफसी १०९४ या दस्तऐवजात छापील आहे. सर्व्हरने कोणत्याही ग्राहकाविषयी काही लक्षात ठेवायचे नाही, हे या दस्तऐवजातले मूळ तत्त्व. सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा उठला तरी काम पुढे चालू राहावे, म्हणून. याच तत्त्वामुळे फाइलीला कुलूप घालण्याची सोय त्या नियमावलीबाहेर ठेवलेली आहे आणि ती वेगळ्या सेवेकडे सोपवलेली आहे, कारण कुलूप म्हणजेच कोणी काय धरून ठेवले आहे याची आठवण. ड्रॉइंग ऑफिसाला हवी होती नेमकी तीच आठवण.

विंडोजची भाषा एसएमबी. आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती तयार केली आणि मायक्रोसॉफ्टने वाढवली. कोणी फाइल उघडली आहे, इतरांना वाचू द्यायचे की नाही, लिहू द्यायचे की नाही, हे सर्व त्यात सर्व्हर लक्षात ठेवतो. युनिक्सच्या यंत्राने ही भाषा शिकावी, हा पूल बांधला कॅनबेरातल्या एका विद्यार्थ्याने.

त्याचा पुरावा म्हणजे सांबा या सॉफ्टवेअरच्या पुडक्यात बरीच वर्षे जोडलेली एक साधी मजकुराची फाइल. लेखक अँड्र्यू ट्रिजेल. ही रोजनिशी नाही, मागे वळून लिहिलेली हकिगत आहे. काळ ठरवायला तिच्यातच एक धागा सापडतो. ट्रिजेल लिहितात की तेव्हा मी ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडीचा विद्यार्थी होतो आणि अजूनही आहे. त्यांचा प्रबंध १९९९ चा आहे, म्हणजे हे वाक्य त्याआधीचे.

फाइलीप्रमाणे सुरुवात डिसेंबर १९९१ मध्ये झाली. ट्रिजेल यांच्याकडे डिजिटल कंपनीचे एक्सकर्शन नावाचे सॉफ्टवेअर चाचणीसाठी आले. ते चालायला त्याच कंपनीचे पाथवर्क्स नेटवर्क लागे, आणि पाथवर्क्सचा सर्व्हर फक्त डिजिटलच्या यंत्रांवर मिळे. त्यांची डिस्क तर सनच्या यंत्रांवर होती. तेव्हा त्यांनी ग्राहक आणि सर्व्हर यांच्यामध्ये बसून दोघांचे बोलणे टिपून घेणारा छोटा प्रोग्राम लिहिला. मग डॉसवर टर्बो सीमध्ये अगदी लहान प्रोग्राम लिहून एक फाइल उघडायची, एक वाचायची, फोल्डर बदलायचा आणि तारेवरून कोणते बाइट गेले ते पाहायचे, असे चालले. आठवड्याभरात सनवरची जागा त्यांच्या पीसीवर दिसू लागली. काही बाइटांचा अर्थ कळलेला नव्हता. खऱ्या सर्व्हरकडून ते नेहमी येत, म्हणून त्यांनी तसेच पाठवले, आणि त्यांचा अर्थ दोन वर्षांनी कळला.

ही हकिगत मी विश्वसनीय मानतो, आणि त्याचे कारण तिच्यातच आहे. डिजिटलच्या एका माणसाने त्यांना सांगितले की हे सगळे नेटबायॉसच्या विवरणात आधीच आहे. ट्रिजेल यांनी आरएफसी १००१ आणि १००२ मिळवून वाचले, तर आपण लिहिले त्याच्याशी त्यांचा मेळ बसेना. मार्च १९८७ चे हे दोन्ही दस्तऐवज आजही वाचता येतात. त्यात यंत्रांची नावे शोधणे आणि पुडके टीसीपीवरून नेणे एवढेच आहे. आतली फाइलींची भाषा नाही. म्हणजे त्यांचा तेव्हाचा गोंधळ त्या कागदांच्या मजकुराशी तंतोतंत जुळतो. स्वतःची थोरवी सांगायला बसलेला माणूस असा गोंधळ रचून लिहीत नाही.

‘सर्व्हर ०.१’ जानेवारी १९९२ मध्ये बाहेर पडले. पुढे त्यांच्या टेबलावर वेगळे यंत्र आले, गरज संपली आणि जवळपास दोन वर्षे काम पडून राहिले. कोणीतरी हे पुढे चालवावे अशी सूचनाही त्यांनी लावली, पण कोणी आले नाही. १९९३ च्या अखेरीस घरातल्या दोन यंत्रांना, त्यातल्या एका लिनक्सला, जोडताना त्यांनी ते पुन्हा हाती घेतले. १९९४ मध्ये त्याचे नाव सांबा झाले. आज बाजारातल्या लिनक्सवर चालणाऱ्या साठवण-डब्यांत विंडोजशी बोलणारे असते ते बहुधा हेच.

इथवर नुसती फाइल पोचण्याची गोष्ट झाली. ड्रॉइंग ऑफिसाचा खरा कस पुढे लागला, आणि त्याचा पुरावा सांबाच्या आवृत्तींच्या नोंदींत आणि मॅन्युअलात आहे. जानेवारी १९९८ च्या १.९.१८ आवृत्तीत ‘ऑपलॉक’ ही सोय आली. विंडोजचा संगणक फाइल उघडताना सर्व्हरला विचारतो, सध्या मी एकटाच आहे का? सर्व्हर हो म्हणाला तर तो संगणक फाइलीचे वाचन-लेखन आपल्याच मेमरीत करतो आणि दर वेळी तारेवरून जात नाही. शंभर भागांची असेंब्ली उघडताना हा वेगाचा फरक लगेच जाणवतो. दुसऱ्या कोणी तीच फाइल मागितली की सर्व्हर पहिल्याला कळवतो, तुझी सवलत संपली, साठवलेले बदल इकडे पाठव. ते आले की मगच दुसऱ्याला फाइल मिळते.

ही व्यवस्था एका अटीवर उभी आहे: फाइलीकडे जाणारा प्रत्येक जण सांबाच्या दारातूनच गेला पाहिजे. १९९० च्या दशकाअखेरच्या अभियांत्रिकी ऑफिसात ही अट मोडत होती. एका टेबलावर विंडोज, शेजारी सिलिकॉन ग्राफिक्सचे युनिक्स वर्कस्टेशन. विंडोजवाल्याने फाइल उघडली, बदल त्याच्या मेमरीत पडून आहेत. युनिक्सवाला तीच फाइल एनएफएसने थेट डिस्कवरून उचलतो. सांबाला याचा पत्ताच नाही, म्हणून सवलत संपल्याचा निरोप जात नाही. युनिक्सवाल्याच्या हाती शिळी प्रत येते. तो तिच्यावर काम करून जमा करतो, मग विंडोजवाल्याचे बदल डिस्कवर उतरतात आणि मधले काम नाहीसे होते. पडद्यावर कोणतीही चूक दिसत नाही. भिलाईतल्या पायाच्या बोल्टचीच ही चूक, फक्त आता ती ऐकू येत नव्हती.

तोडगा दोन मार्गांनी निघाला, दोन्ही मॅन्युअलात आहेत. पहिला म्हणजे ‘कर्नल ऑपलॉक’. सवलतीची नोंद सांबापुरती न राहता थेट कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, ठेवायची, म्हणजे कोणत्याही दाराने कोणी आले तरी कर्नल सांबाला उठवतो. ही सोय प्रथम सिलिकॉन ग्राफिक्सच्या आयरिक्समध्ये आली आणि नंतर लिनक्सच्या २.४ कर्नलमध्ये. ज्या कंपनीची यंत्रे आरेखनाच्या टेबलांवर होती तिच्या युनिक्समध्ये ती आधी यावी, यात मला गरज दिसते, योगायोग नव्हे. दुसरा मार्ग सावधपणाचा होता. फाइल अनेक जण एकाच वेळी लिहिणार असतील, किंवा ती युनिक्सकडूनही उघडली जाणार असेल आणि कर्नलची सोय नसेल, तर ऑपलॉक बंद ठेवा, असा मॅन्युअलचा सल्ला आहे. विशिष्ट नमुन्याच्या फाइलींपुरती सवलत नाकारण्याचीही सोय आहे. वेग थोडा कमी होतो, पण ड्रॉइंग सुरक्षित राहते. ज्या ऑफिसात दोन-चार जणच काम करतात तिथे मी याच बाजूने कौल देईन.

नावांतल्या मोठ्या-छोट्या अक्षरांचा फरक हा किरकोळ वाटणारा दुसरा खड्डा. विंडोज दोन्ही एकच मानते, युनिक्स वेगळी. असेंब्लीची फाइल आपल्या भागांना नावाने हाक मारते, आणि एकाच फोल्डरात केवळ अक्षरांच्या आकाराने वेगळ्या दोन फाइली युनिक्सकडून तयार झाल्या तर विंडोजकडून त्यातली एकच गाठता येते.

ड्रॉइंगांचा साठा अशा रीतीने विंडोजबाहेर नीट राहू लागला. ताब्याच्या वहीचे काय? विंडोजवर वाढलेल्या नव्या सॉफ्टवेअरांनी, म्हणजे ऑटोडेस्क व्हॉल्ट किंवा सॉलिडवर्क्स पीडीएम यांनी, ही वही मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसमध्ये ठेवली आणि फाइल देणारी-घेणारी सेवा विंडोजची सेवा म्हणून लिहिली. शेअर केलेल्या फोल्डरात फाइली ठेवण्यापुरता लिनक्स चालतो; कोणी काढली, कोणी जमा केली हे ठरवणारा प्रोग्राम मात्र विंडोजवर बसतो. वापरणाऱ्यांची ओळखही विंडोजच्या डोमेनमधून येते, आणि ती ओळख देण्या-तपासण्याची भाषा बाहेरच्यांना उपलब्ध नव्हती.

या शेवटच्या मुद्द्यावर सर्वांत भक्कम कागद न्यायालयाचा आहे. युरोपीय प्रथम न्यायालयाचा टी-२०१/०४ या प्रकरणातला निकाल १७ सप्टेंबर २००७ चा. त्यात पत्रव्यवहार तारखांसह नोंदवलेला आहे. १५ सप्टेंबर १९९८ रोजी सन कंपनीचे रिचर्ड ग्रीन यांनी मायक्रोसॉफ्टचे पॉल मारिट्झ यांना लिहिले. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी ही विंडोज डोमेनची ओळख-सेवा आणि संबंधित तंत्रे सनच्या सोलॅरिस या युनिक्सवर चालवता यावीत म्हणून लागणारी माहिती त्यांनी मागितली. ६ ऑक्टोबरला उत्तर आले. माहिती आधीच प्रसिद्ध आहे, असा त्याचा रोख होता, आणि डेन्व्हरच्या विकासक परिषदेला येण्याचे आमंत्रण होते. १० डिसेंबर १९९८ रोजी सनने युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. २४ मार्च २००४ च्या निर्णयात आयोगाने मायक्रोसॉफ्टला सुमारे ४९ कोटी ७० लाख युरो दंड केला आणि कार्यगटांच्या सर्व्हरना लागणारी परस्परसंवादाची माहिती देण्याचा आदेश दिला. फाइल, प्रिंट आणि वापरकर्त्यांचे व्यवस्थापन या तीन सेवा देणारा तो कार्यगटाचा सर्व्हर, अशी आयोगाची व्याख्या. वीस माणसांच्या ड्रॉइंग ऑफिसाचा सर्व्हर तिच्यात अचूक बसतो.

सुनावणी एप्रिल २००६ मध्ये झाली. ज्याने १९९१ मध्ये बाइट मोजून ही भाषा शिकली, तो ट्रिजेल त्या न्यायालयात सांबाच्या बाजूने बोलला. निकालात दंड आणि आदेश कायम राहिले. देखरेखीसाठी विश्वस्त नेमण्याचा भाग तेवढा रद्द झाला. २० डिसेंबर २००७ रोजी मायक्रोसॉफ्टशी करार झाला आणि दहा हजार युरोंच्या एकरकमी मोबदल्यात परस्परसंवादाच्या माहितीचे दस्तऐवज सांबाच्या विकासकांना मिळाले. डिसेंबर २०१२ च्या सांबा ४.० मध्ये लिनक्सचे यंत्र स्वतः अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचे डोमेन चालवू लागले. सनच्या पत्राला तोवर चौदा वर्षे झाली होती, आणि खुद्द सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलमध्ये विलीन झालेली होती.

डेटाबेसचा प्रवास उलट दिशेचा. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचा उगम सायबेसमध्ये आहे. बर्कलीची ही कंपनी आपला डेटाबेस युनिक्सवर विकत होती; १९८७ मध्ये तिचा मायक्रोसॉफ्टशी करार झाला, १९८९ ची पहिली आवृत्ती ओएस/२ वर आली आणि १९९३ मध्ये तो विंडोज एनटीवर गेला. ७ मार्च २०१६ रोजी मायक्रोसॉफ्टने तो लिनक्सवर आणण्याची घोषणा केली आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये तो आला. म्हणजे साठा लिनक्सवर राहतो, वापरकर्त्याची ओळख लिनक्सवरून देता येते आणि ज्या डेटाबेसमध्ये ताब्याची वही लिहिली जाते तोही लिनक्सवर उभा राहतो. फाइल हातात देण्याआधी ती वही उघडून पाहणारी सॉलिडवर्क्स पीडीएमची आर्काइव्ह सेवा मात्र अजून विंडोजचीच सेवा आहे.